कमरेची टेप, आईबापांची शुगर आणि रक्ताचा रिपोर्ट : नोकरदारांनी मधुमेहाचा धोका कसा ओळखावा

फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्याच्या आरोग्य कक्षात मी परिचारिका आहे. वर्षातून एकदा सगळ्या कामगारांची तपासणी होते आणि त्या दिवशी रांगेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मी कुठे जाडी आहे? मला कसली शुगर?" मागच्या तपासणीत हे वाक्य पॅकिंगमधल्या एका 38 वर्षांच्या बाईंनी म्हटलं. उंची 152 सेंटिमीटर, वजन 53 किलो. दिसायला सडपातळ. त्यांच्या मागे स्टोअरमधले 42 वर्षांचे एक कारकून उभे होते. उंची 168, वजन 66 किलो. त्यांचंही वजनकाट्यावर विशेष काही वाटलं नाही. त्या दोघांचं पुढे काय निघालं, ते या लेखात टप्प्याटप्प्याने येईल, कारण तुमची तपासणी तुम्ही त्याच क्रमाने करावी असं मला वाटतं.

गोव्यात हा विषय टाळण्यासारखा राहिलेला नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांच्या 'इंडियाब' या मधुमेहाच्या पाहणीचे देशभराचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के, तर गोव्यात 26.4 टक्के. सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत चार जण डबे उघडून बसले, तर त्यातल्या एकाला मधुमेह असण्याची शक्यता धरून चाला.

पहिली पायरी : टेप घ्या, पँटचा नंबर विसरा

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप लागते. ताणलेली, जुनी टेप नको. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी मोजा. अंगावर कपडे नकोत, निदान पोट उघडं हवं. पायात वीतभर अंतर ठेवून सरळ उभे राहा. बाजूने हात फिरवून शेवटची बरगडी शोधा, मग कमरेचं हाड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप लावायची. टेप पाठीमागे खाली घसरते, म्हणून आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा. श्वास सहज सोडा आणि सोडल्यावर आकडा वाचा. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. पोट आत ओढू नका. इथे मी रोज बघते : टेप लावली की पुरुषमंडळी छाती फुगवतात आणि पोट आत घेतात. मग मी त्यांच्याशी घरच्या गोष्टी बोलत राहते. बोलता बोलता श्वास सुटतो आणि खरा आकडा मिळतो.

त्या कारकुनांनी मला आधीच सांगितलं होतं, "सिस्टर, माझी कंबर चौतीस." चौतीस इंच म्हणजे 86 सेंटिमीटर. पण पँट ते पोटाच्या खाली, कमरेच्या हाडावर बांधत होते. टेप योग्य जागी लावली तेव्हा 94 भरली. पँटचा नंबर दहा वर्षं तोच आहे, याचा अर्थ पोट तेवढंच आहे असा होत नाही. पट्टा फक्त खाली सरकलेला असतो.

भारतीय पुरुषांना 90 सेंटिमीटरपासून आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटरपासून सावध व्हावं लागतं. आणखी एक सोपा ताळा : कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. 152 सेंटिमीटर उंचीच्या बाईंची कंबर 76 च्या आत हवी. पॅकिंगमधल्या त्या बाईंची 84 निघाली. त्यांनी टेप स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा मोजली.

दुसरी पायरी : वजनाचा हिशेब, पण आपल्या मापाने

वजन किलोमध्ये घ्या आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. बाईंचं गणित : 1.52 गुणिले 1.52 म्हणजे 2.31. 53 भागिले 2.31 म्हणजे 22.9. हा बीएमआय. भारतीयांसाठी 23 च्या खाली सामान्य, 23 ते 24.9 जास्त वजन, 25 आणि वर लठ्ठपणा. मोबाईलवरची बरीच ॲप्स 25 पर्यंत सगळं ठीक दाखवतात, कारण त्यांत युरोपीय लोकांची मापं भरलेली असतात. तो हिरवा रंग बघून समाधान मानू नका.

शिवाय बीएमआय चरबी आणि स्नायू यांत फरक करत नाही. याचं उत्तम उदाहरण आपल्याच पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराची मापं मांडली. दोघांचा बीएमआय नेमका 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपण भारतीय सडपातळ दिसतो तेव्हासुद्धा हात-पाय बारीक आणि पोटात चरबी असा आपला बांधा असतो. गर्भात पोषण कमी मिळालेल्या मुलांमध्ये ही ठेवण जन्मापासूनच दिसते, हे याज्ञिकांच्या पुणे परिसरातल्या कामातून पुढे आलं आहे. म्हणून कंबर आणि वजन दोन्ही लिहून ठेवा, आणि दोन्हींत मतभेद असेल तर कमरेचं ऐका.

तिसरी पायरी : शंभर गुणांचा पेपर

मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने 2005 साली भारतीयांसाठी एक सोपी गुणपद्धत तयार केली, 'इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर'. रक्त लागत नाही, चार प्रश्न पुरतात. इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका.

वय : 35 च्या आत 0, 35 ते 49 मध्ये 20, 50 आणि पुढे 30.
कंबर : स्त्री 80 च्या आत किंवा पुरुष 90 च्या आत 0. स्त्री 80 ते 89 किंवा पुरुष 90 ते 99 असल्यास 10. त्याच्या वर 20.
हालचाल : नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर 0, दोन्हींपैकी एक असेल तर 20, दोन्ही नसेल तर 30.
आईवडील : कुणालाच मधुमेह नाही 0, एकाला असेल तर 10, दोघांना असेल तर 20.

बेरीज 60 किंवा वर आली तर धोका जास्त, 30 ते 50 मध्यम, त्याखाली कमी.

कारकुनांची बेरीज : वयाचे 20, कमरेचे 10, बैठं काम आणि व्यायाम नाही म्हणून 30, आईला मधुमेह म्हणून 10. एकूण 70. बाईंचे 20, 10 आणि 30, आईवडिलांना मधुमेह नाही. एकूण 60. हालचालीच्या प्रश्नावर त्या हटून बसल्या. "आठ तास उभी असते की मी!" त्यांचा राग मला पटला, पण गुण मी तेवढेच ठेवले. एका जागी उभं राहून खोकी बंद करण्याने पाय दुखतात, पण रक्तातली साखर खर्च करण्याइतकं काम मांडीच्या आणि पाठीच्या मोठ्या स्नायूंना मिळत नाही. कष्टाचं काम म्हणजे कुळागरात सुपारीची पोती उचलणं, शेतात चिखलणी करणं, बांधकामावर घमेली वाहणं.

या चारांपैकी वय आणि आईबाप बदलता येत नाहीत. कंबर आणि हालचाल बदलता येतात. बाईंनी रोज व्यायाम सुरू केला आणि कंबर 80 च्या आत आणली, तर 60 चे 40 होतात.

हा पेपर सगळ्यांना पकडत नाही, काही जण सुटतात. म्हणून गुण कमी आले तरी पुढची पायरी वाचा.

चौथी पायरी : स्त्री असाल तर हे प्रश्न, पुरुष असाल तर हे

एकाच वजनाच्या बाईचा आणि पुरुषाचा धोका सारखा नसतो. पुरुषांची चरबी बहुतेक वेळा थेट पोटाच्या आत, यकृत आणि आतड्यांभोवती साठते. स्त्रीची पाळी सुरू असते तोवर तिची चरबी मांड्या आणि नितंब इथे, कातडीखाली जास्त साठते, आणि ती तुलनेने कमी घातक. त्यामुळे पुरुषांना मधुमेह कमी वयात आणि कमी बीएमआयला गाठतो. पाळी थांबल्यावर स्त्रीची चरबीही पोटाकडे वळते आणि हे संरक्षण संपतं. एकदा मधुमेह झाला, की हृदयविकाराच्या धोक्यात होणारी वाढ मात्र स्त्रियांत पुरुषांपेक्षा मोठी असते. "बायकांना हार्ट ॲटॅक येत नाही" हा समज कृपा करून सोडून द्या.

बायकांनो, स्वतःला हे विचारा. गरोदरपणात कधी शुगर वाढली होती का? पाळी अनियमित, हनुवटीवर केस, पीसीओडी (अंडाशयांचा हॉर्मोनशी निगडित विकार) असं काही आहे का? खाली वारंवार खाज, पांढरं जाणं होतं का? पाळी थांबली आहे का?

यातला पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तपासणीच्या फॉर्मवर बहुतेक वेळा तो छापलेलाच नसतो. पॅकिंगमधल्या बाईंना मी तो तोंडी विचारला तेव्हा त्या थोडं थांबून म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळी होती. दोन महिने पथ्य केलं. बाळ झालं आणि गेली." प्रसूतीनंतर तपासायला या, असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्या कागदपत्रांत तशी एक ओळही नव्हती, आणि मला याचं फार वाईट वाटतं. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या कित्येक पटींनी जास्त असतो. प्रसूतीनंतर 6 ते 12 आठवड्यांत ग्लुकोज पिऊन तपासणी, आणि त्यानंतर आयुष्यभर ठरावीक अंतराने तपासणी, असा नियम आहे. त्यांचा धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. एवढी वर्षं रिकामी गेली होती. तुमच्या घरात अशी कुणी वहिनी, बहीण, सून असेल तर तिला आजच विचारा.

पुरुषांनी विचारायचे प्रश्न वेगळे. सिगारेट किंवा विडी ओढता का? ओढणाऱ्यांना टाइप 2 मधुमेहाचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा 30 ते 40 टक्के जास्त असतो. कामाची पाळी (शिफ्ट) फिरती आहे का? फिरत्या पाळीचा परिणाम पुरुषांत ठळक दिसतो. रात्री घोरता का, दिवसा डुलक्या लागतात का? संध्याकाळच्या बिअर-फेणीबरोबर तळलेलं किती जातं? संबंधांच्या वेळी ताठरता कमी झाली आहे का? हा प्रश्न विचारला की मान खाली जाते, पण बारीक रक्तवाहिन्या बिघडल्याची ही लवकरची खूण असू शकते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

दोघांनीही मान आणि काखा आरशात बघाव्यात. तिथे मखमलीसारखा काळा, जाडसर पट्टा दिसला, घासूनही जात नसेल, तर तो मळ नाही. साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, याची ती खूण आहे. तसंच सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' (यकृतात चरबी) लिहिलेलं असेल आणि "सगळ्यांनाच असतं" म्हणून तो रिपोर्ट कपाटात गेला असेल, तर काढा बाहेर. रक्तदाब, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, सहा तासांहून कमी झोप, हेही लिहून ठेवा.

पाचवी पायरी : रक्त कधी, कुठे आणि कसं द्यायचं

गुण 60 किंवा वर असतील, किंवा चौथ्या पायरीतल्या एका तरी प्रश्नाला ठळक 'हो' असेल, तर रक्त तपासा. तिशी ओलांडली असेल तर तसंही एकदा तपासाच. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ईएसआय कार्ड असेल तर ईएसआयच्या दवाखान्यात जा. पहिल्या तपासणीसाठी थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जायची गरज नाही.

उपाशीपोटीच्या तपासणीआधी आठ तास पाण्याशिवाय काही नको. सकाळचा चहाही नको, बिनसाखरेचासुद्धा. रात्रपाळी करून थेट रांगेत उभे राहू नका. सुट्टीच्या आदल्या रात्री नीट झोपून या. जागरणाने साखर चढते आणि रिपोर्ट गोंधळात टाकतो.

उपाशी : 100 च्या आत सामान्य, 100 ते 125 मधुमेहपूर्व अवस्था, 126 आणि वर मधुमेह.
75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी : 140 च्या आत सामान्य, 140 ते 199 मधुमेहपूर्व, 200 आणि वर मधुमेह.
एचबीएवनसी, म्हणजे लोक जिला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात ती : 5.7 च्या आत सामान्य, 5.7 ते 6.4 मधुमेहपूर्व, 6.5 आणि वर मधुमेह.

त्रास काही नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. घरच्या ग्लुकोमीटरवरूनही निदान करायचं नसतं. ग्लुकोज प्यायल्यानंतरचे दोन तास बसून काढायचे. बाहेर फेरी मारून येणं, विडी ओढणं, मध्येच काही खाणं, सगळं बंद.

तीन महिन्यांच्या शुगरबद्दल बायकांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर हा आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर कमी. म्हणून सोबत हिमोग्लोबिन करून घ्या. आमच्या बाईंची एचबीएवनसी 6.1 आली, पण हिमोग्लोबिन 9.4. डॉक्टरांनी त्या 6.1 वर विश्वास न ठेवता ग्लुकोज पाजून तपासलं. उपाशी 108, दोन तासांनी 152. मधुमेहपूर्व अवस्था पक्की. लोहाच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. कारकुनांची उपाशी 131 आणि एचबीएवनसी 6.8. त्यांना मधुमेहच निघाला, आणि त्यांना तोपर्यंत तहान नाही, थकवा नाही, काहीच जाणवलं नव्हतं.

एक अपवाद. खूप तहान, रात्रीतून चार-पाचदा लघवी आणि अंगातून वजन झरझर उतरणं असेल, सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर गुण मोजत बसू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

सहावी पायरी : ताट, चहा आणि पाय

मधुमेहपूर्व अवस्थेतून मागे फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 साली दाखवून दिलं की अशा लोकांनी आहार आणि चालणं सांभाळलं, तर मधुमेह होण्याचा धोका तीन वर्षांत 28.5 टक्क्यांनी घटतो, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीइतकाच. आणि हे वजन फारसं न उतरताही झालं. सडपातळ माणसासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

सुरुवात चहापासून करा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे जवळपास 40 ग्रॅम साखर. चमचा एकदम बंद करायची गरज नाही. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ सवय करून घेते.

सकाळची पातळ भाजी आणि दोन उंडे (गोल पाव), त्यावर मिरची भजी, वर गोड चहा : हा नाश्ता मैदा आणि तेल यांचाच. भाजी ठेवा, पण पाव एकच, आणि पोदेराकडे (पाववाल्याकडे) खरी कोंड्याची पोई मिळत असेल तर ती घ्या. वरून कोंडा भुरभुरलेली, आतून पांढरीशुभ्र पोई असेल तर तो मैदाच. फोडून बघा.

दुपारच्या डब्यात मासळीचं हुमण आणि भात असणारच. उकडे तांदूळ पांढऱ्या पॉलिश केलेल्यापेक्षा बरे, पण त्यांनी साखर वाढत नाही असं नाही. भात एक मूद ठरवा, डब्याच्या छोट्या खणात मावेल एवढा. मोठ्या खणात तांबडी भाजी, दुधी, वाल, भेंडी, जे असेल ते. रव्यात घोळून तळलेल्या तुकड्याऐवजी हुमणातला बांगडा किंवा तारले. मुगागाठी, चवळीचं तोंडाक हे आपलं जुनं अन्न प्रथिनांसाठी उत्तम. आधी भाजी आणि मासा खा, भात शेवटी. त्याच जेवणाने साखर कमी उसळते.

मग पाय. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, गेटपर्यंत जाऊन परत आलं तरी चालेल. स्नायू त्या वेळी रक्तातली साखर ओढून घेतात. आठवड्याला एकूण 150 मिनिटं भरभर चालणं हवं. कदंब बसमधून एक थांबा आधी उतरा. पावसाळ्यात चालणं तुटतं, तेव्हा घरातच जिना चढा किंवा खुर्चीवरून हात न टेकता 15 वेळा उठा-बसा, असं तीनदा. आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंचा असा व्यायाम हवा, सडपातळ लोकांना तर जास्तच. तुमचा बीएमआय 23 च्या आत आणि कंबर वर असेल तर उपाशी राहून वजन उतरवू नका. त्याने आधीच कमी असलेले स्नायू आणखी झिजतात. बीएमआय 25 च्या वर असेल तर मात्र वजनाच्या 5 ते 7 टक्के उतरवणं हे पहिलं लक्ष्य. 80 किलोच्या माणसाला 4 ते साडेपाच किलो.

बायकांसाठी इथे एक अडचण खरी आहे. पुरुष सुटला की चालायला जातो, बाई सुटली की चुलीपुढे जाते. आमच्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, वेळ कुठला?" आम्ही मिळून वेळ शोधला : दुपारच्या सुट्टीतली शेवटची बारा मिनिटं. आता पॅकिंगच्या पाच जणी शेडच्या बाजूने रोज फेऱ्या मारतात.

ज्यांना मधुमेह निघाला त्यांनी गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या आणि मनाने बंद करायच्या नाहीत. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि पायांची संवेदना यांची तपासणी निदानाच्या वेळीच करून घ्यायची, पुढच्या वर्षावर ढकलायची नाही.

सातवी पायरी : पुढची तारीख

रिपोर्ट सामान्य असेल तर तीन वर्षांनी पुन्हा तपासा, धोका जास्त असेल तर दरवर्षी. मधुमेहपूर्व अवस्था असेल तर निदान वर्षातून एकदा. गरोदरपणात शुगर वाढली होती त्यांनी रिपोर्ट चांगला आला तरी एक ते तीन वर्षांत पुन्हा, आणि नव्या गरोदरपणाचा विचार असेल तर त्याआधी. टेप महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागी. चवथीच्या नेवऱ्या-पातोळ्यांच्या आठवड्यात मोजू नका, आधीच्या रविवारी मोजा.

आमच्या बाईंची टेप स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेली असते. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या चौकोनात पेनाने आकडा लिहिलेला असतो : 84, 83, 83, 81.